मताचा हक्क माणसाचा की खेचराचा?

निवडणुका जवळ आल्या की एक चर्चा हमखास कानावर येते. शिकल्यासवरल्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांच्या बैठकीत ती विशेष रंगते. जो लाखो रुपये कर भरतो त्याचे एक मत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याचेही एकच मत, हा कुठला न्याय? ज्याला धड सही करता येत नाही, जो बाटलीवर आणि नोटेवर मत विकतो, त्याने देशाचे सरकार ठरवायचे काय? देश पुढे न्यायचा असेल तर सत्ता गुणवंतांच्या आणि कर्तबगारांच्या हातीच असली पाहिजे. असे बोलणारे स्वतःला लोकशाहीवादी म्हणवतात. आपण लोकशाहीच्या मुळावर घाव घालत आहोत याची त्यांना जाणीव नसते, किंवा असूनही पर्वा नसते.

हा युक्तिवाद नवा नाही. तो दोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्याला दिले गेलेले उत्तरही तितकेच जुने आहे. ते उत्तर देणारा माणूस कुठल्या विद्यापीठाचा पंडित नव्हता, सरदार-जमीनदार नव्हता. स्त्रियांच्या कमरेला आवळायची कॉर्सेट शिवणाऱ्या एका कारागिराचा तो मुलगा. त्यांचे नाव थॉमस पेन. महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रत्येक चरित्रात पेन यांचा उल्लेख येतो, आमचे वक्तेही त्यांचे नाव घेतात. पण ते नाव बहुधा एका ओळीतच संपते. पेन कसे जगले, कशासाठी तुरुंगात गेले आणि अखेरीस त्यांच्या वाट्याला काय आले, हे चळवळीच्या वाचकाला माहीत असले पाहिजे. श्रीमंती आणि गुणवत्ता यांनी राजकीय सत्ता ठरवावी काय, या प्रश्नाशी हा माणूस आयुष्यभर झुंजला.

पेन यांचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड या लहानशा गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे, आई वकिलाची मुलगी. शाळेत थोडीफार वर्षे काढल्यावर वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास पोराला वडिलांच्या धंद्याला बसवण्यात आले. त्या थेटफर्ड गावची राजकीय अवस्था पाहण्यासारखी होती. गावातून पार्लमेंटवर दोन सभासद निवडून जात; पण मत देण्याचा हक्क गावच्या नगरमंडळातील तीसेक लोकांनाच होता, आणि ते तीसही ग्राफ्टनच्या ड्यूकच्या शब्दाबाहेर नव्हते. हाच ड्यूक पुढे देशाचा पंतप्रधान झाला. परगण्यांतून मत द्यायचे तर वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्न देणारी जमीन लागे, आणि ही अट पंधराव्या शतकापासून चालत आलेली. म्हणजे जगातील लोकशाहीची जननी म्हणून ज्या पार्लमेंटचे गोडवे गायले जातात, ते त्या काळी जमीनदारांचा खाजगी दिवाणखाना होते. कारागीर, शेतमजूर, विणकर, खलाशी यांनी कर भरायचा, सैन्यात मरायचे, आणि कायदा मात्र इतरांनी करायचा.

पेन यांनी नाना धंदे केले. काही काळ जहाजावर काढला, कॉर्सेटचे दुकान चालवले, मुले शिकवली आणि मग अबकारी खात्यात नोकरी धरली. पहिली पत्नी लग्नानंतर वर्षभरातच वारली. माल प्रत्यक्ष न तपासताच नोंद केल्याच्या ठपक्यावरून १७६५ मध्ये नोकरी गेली, पुढे ती परत मिळाली. अबकारी शिपायाचा पगार वर्षाला पन्नास पौंड. घोड्याचा खर्च त्यातूनच. १७७२ साली पेन यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या वतीने पगारवाढीसाठी एक पुस्तिका लिहिली आणि ती पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत पोहोचवली. तिच्यातला मुद्दा आजही लक्षात ठेवावा असा आहे. माणूस पोटाला चिमटा घेऊन राहत असेल तर त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा रोजच होते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने त्याला नीतीचे धडे देऊ नयेत. पार्लमेंटने या अर्जाकडे ढुंकूनही पाहिले नाही. १७७४ मध्ये पेन यांची नोकरी पुन्हा गेली, दुकानातील माल लिलावात निघाला, दुसऱ्या पत्नीशीही काडीमोड झाल्यासारखाच झाला. सदतिसाव्या वर्षी हा माणूस सर्व बाजूंनी अपयशी ठरला होता. त्या वेळी कुणी गुणवत्तेची यादी केली असती तर थॉमस पेन हे नाव तिच्या तळालाही सापडले नसते.

बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन पेन १७७४ च्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फियाला उतरले. तापाने इतके फणफणले होते की त्यांना उचलून जहाजाबाहेर काढावे लागले. आणि अवघ्या चौदा महिन्यांच्या आत, जानेवारी १७७६ मध्ये, त्यांची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या राजाशी नाते तोडा आणि प्रजासत्ताक उभारा, असे ती उघड सांगत होती. ती पंडितांच्या भाषेत नव्हती. लॅटिन वचनांचा बडेजाव तिच्यात नव्हता. गुत्त्यात, कारखान्यात, सैन्याच्या तळावर एकाने वाचावी आणि दहा जणांनी ऐकावी अशी ती लिहिलेली होती. हजारो प्रती हातोहात खपल्या. आपल्या वाट्याचा नफा पेन यांनी सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊन टाकला. ज्याला मायदेशात कुणी विचारले नव्हते त्या माणसाने एका देशाचे भवितव्य बदलण्यास हातभार लावला. त्याच्यातील गुण काही जहाजावर बसल्याने उपजले नव्हते. ते आधीही होते. त्यांना वाव नव्हता एवढेच.

राजा गेला, पण सत्ता कुणाच्या हाती द्यायची हा प्रश्न उरलाच. पेनसिल्व्हेनिया राज्याने १७७६ साली जी घटना केली तिने जमीनदारीची अट काढून टाकली आणि कर भरणाऱ्या सर्व स्वतंत्र प्रौढ पुरुषांना मत दिले. कर अगदी किरकोळ असला तरी चाले. घटना पेन यांनी लिहिली नव्हती. पण तिच्यावर चहूबाजूंनी हल्ला झाला तेव्हा तिच्या बचावासाठी त्यांनी लेखणी उचलली. जॉन अ‍ॅडम्स यांच्यासारखे स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणीही मालमत्तेची अट काढण्याच्या विरुद्ध होते. त्यांचे म्हणणे असे की एकदा हे दार किलकिले केले की मागण्यांना अंत राहणार नाही. उद्या स्त्रिया मत मागतील, मग कोवळी पोरे मागतील, खिशात दमडी नसलेला प्रत्येक जण मागेल. अ‍ॅडम्स यांची भीती खरी होती. अन्यायाचा एक चिरा ढळला की सगळी भिंत हलते, हे प्रस्थापितांना नेहमीच आपल्या आधी कळते.

इथे आम्ही वाचकांपासून काही लपवू इच्छित नाही. १७७८ साली पेन यांनीही घरगुती नोकरांना मत नसावे हे मान्य केले होते, कारण नोकर मालकाच्या ताब्यात असतो, असे त्यांना वाटे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ते कधीच पुढे सरसावले नाहीत. गुलामगिरीच्या ते विरुद्ध होते. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १७८० साली टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला तेव्हा पेन त्या विधिमंडळाचे चिटणीस होते. महापुरुषाला देव करून त्याच्या उणिवा झाकणे ही आमची परंपरा नाही. माणूस विचाराने कसा वाढत गेला ते पाहावे, आणि पेन वाढत गेले.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. इंग्लंडचे प्रसिद्ध विद्वान आणि पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी १७९० साली तिच्याविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. बर्क यांचा सूर मनुस्मृती वाचलेल्यांना ओळखीचा वाटेल. केस कापणारा, मेणबत्त्या करणारा यांच्या धंद्याला काही प्रतिष्ठा नाही. अशा लोकांवर राज्याने जुलूम करू नये हे ठीक, पण त्यांच्या हाती राज्य गेले तर तो राज्यावरच जुलूम होईल, असा त्यांचा दावा होता. मोठ्या मालमत्तेला राज्यकारभारात मोठे स्थान असलेच पाहिजे, नाहीतर ती सुरक्षित राहणार नाही, असेही ते म्हणत. इंग्लंडमधला न्हावी आणि मेणबत्तीवाला यांच्याबद्दल बर्क जे बोलले, ते आपल्याकडे न्हावी, कुंभार, चांभार, महार यांच्याबद्दल शेकडो वर्षे बोलले जात होते. देश वेगळा, भाषा वेगळी, पण उतरंड तीच.

पेन यांनी त्याला 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाने उत्तर दिले. पहिला भाग १७९१ चा, दुसरा १७९२ चा. त्यातील गुणवत्तेविषयीचा विचार आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. पेन गुणवत्तेचे शत्रू नव्हते. कारभार शहाण्या माणसांनी चालवावा हे त्यांना मान्यच होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता की शहाणपण सापडते कुठे? गणितज्ञाचा मुलगा गणितज्ञ निपजतोच असे नाही, कवीचा मुलगा कवी निपजतोच असे नाही. मग राज्यकर्त्याचा मुलगाच राज्य करण्यास योग्य कसा? बुद्धी कुणाच्या घराण्याची वतनदार नाही. ती आज या घरात दिसते, उद्या त्या घरात. समाजाच्या तळाशी कितीतरी बुद्धी निजलेली असते आणि तिला जाग येईल अशी संधी न मिळाल्याने ती माणसाबरोबरच मातीत जाते. राज्यपद्धती अशी हवी की जिथे कुठे ही बुद्धी असेल तिथून ती वर यावी. हे प्रतिनिधिक लोकशाहीतच होऊ शकते, कारण तिथे दार सर्वांना उघडे असते. म्हणजे गुणवत्तेच्या नावाने मतदारांची संख्या कमी करणारे लोक प्रत्यक्षात गुणवत्तेचाच गळा घोटत असतात.

ग्रंथाचा दुसरा भाग केवळ सिद्धांत सांगत नाही. गरीब कुटुंबातील चौदा वर्षांखालील मुलामागे वर्षाला चार पौंड, पन्नाशी गाठलेल्या गरिबाला सहा पौंड आणि साठीनंतर दहा पौंड निवृत्तिवेतन, अशी पैशापैशाचा हिशेब मांडलेली योजना त्यात आहे. आणि हे भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून. आयुष्यभर जो कर भरला, त्यातलाच हा परतावा. गरीब माणूस कर भरत नाही ही थाप पेन यांनी अबकारी खात्यात असतानाच ओळखली होती. बिअर, मीठ, साबण, मेणबत्त्या यांवरचा कर शेवटी गरिबाच्याच खिशातून जात होता. आजही काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर भरणाऱ्या मजुराला करदाता न समजणारे लोक आपल्या आजूबाजूला आहेत.

सरकारने पेन यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. खटल्यातील सरकारी वकिलाचे निवेदन फार बोलके आहे. हा ग्रंथ केवळ जाणत्या वाचकांच्या हाती पडला असता तर सरकारने दुर्लक्ष केले असते; पण तो स्वस्तात छापून कोणाच्याही हाती दिला जात होता, हे सरकारला सलत होते. पहिली आवृत्ती तीन शिलिंगांची, पुढची सहा पेन्सांची. गुन्हा विचारात नव्हता, किमतीत होता. ज्ञान शूद्राच्या कानी पडले म्हणून संतापणारी मनोवृत्ती एकट्या भारताची मक्तेदारी नाही. डिसेंबर १७९२ मध्ये पेन यांच्या गैरहजेरीत त्यांना दोषी ठरवण्यात आले. गावोगावी त्यांचे पुतळे जाळण्यात आले. तोवर पेन फ्रान्समध्ये पोहोचले होते आणि तिथल्या राष्ट्रीय परिषदेवर निवडून आले होते.

पण तिथेही त्यांनी सत्तेची हाजी हाजी केली नाही. राजेशाही संपवा पण राजाला मारू नका, त्याला अमेरिकेत पाठवा, असे त्यांनी सांगितले. हे जहालांना रुचले नाही. डिसेंबर १७९३ मध्ये पेन यांना अटक झाली आणि पॅरिसच्या लक्झेंबर्ग तुरुंगात ते दहा महिन्यांहून अधिक काळ खितपत पडले. रोज कुणा ना कुणाला गिलोटिनकडे नेले जात होते. ते स्वतः मरणाच्या दारातून परतले. नोव्हेंबर १७९४ मध्ये अमेरिकेचे वकील जेम्स मन्रो यांच्या प्रयत्नांनी त्यांची सुटका झाली आणि परिषदेतील त्यांची जागा त्यांना परत मिळाली.

आणि मग १७९५ चा उन्हाळा आला. फ्रान्सची नवी घटना तयार होत होती. १७९३ च्या घटनेने प्रौढ पुरुषांना दिलेला मताधिकार कागदावरच राहिला होता. आता तो कागदही फाडायचे घाटत होते. ब्वासी दांग्ला या सभासदाने समितीच्या वतीने मसुदा मांडला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: देशावर सर्वोत्तम माणसांनी राज्य करावे. सर्वोत्तम म्हणजे जे सर्वाधिक शिकलेले आणि ज्यांना कायदा टिकवण्यात सर्वाधिक स्वारस्य आहे ते. असे लोक मालमत्ता असणाऱ्यांतच सापडतात, कारण मालमत्तेमुळे शिक्षण मिळते आणि देशाशी बांधिलकी येते. वाचकहो, या तर्काची चलाखी पाहा. आधी गुणवत्ता म्हटले, मग शिक्षण म्हटले, आणि शेवटी हात जाऊन पडला तो तिजोरीवर. गुणवत्तेची गोष्ट सुरू झाली की ती नेहमी याच मुक्कामाला पोहोचते.

७ जुलै १७९५ रोजी आजारी, खंगलेले पेन परिषदेत उभे राहिले. फ्रेंच बोलता येत नसल्याने त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. याच सुमारास त्यांनी शासनाच्या मूलतत्त्वांवर एक प्रबंधही प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे: मताचा हक्क हा इतर सर्व हक्कांचे कुंपण आहे. कुंपण काढले की शेत कुणीही खावे. ज्याला मत नाही तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, आणि दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे हीच गुलामी. श्रीमंती हा सदाचाराचा दाखला नाही आणि गरिबी हा दुराचाराचा पुरावा नाही. उलट पुष्कळदा संपत्ती कशी आली हे विचारले तर संपत्तीवानालाच मान खाली घालावी लागेल. जीव, श्रम आणि अब्रू ही गरिबाचीही मालमत्ताच आहे आणि कायदा तिच्यावरही चालतो.

मग त्यांनी एक दाखला दिला. मत देण्यासाठी ठरावीक रकमेची मालमत्ता लागते असे धरा. एका माणसाच्या घोडीला खेचर झाले आणि त्या खेचराच्या किमतीने तो मतदार झाला. पुढे खेचर मेले आणि त्याचे मतही गेले. मग हा हक्क होता कुणाचा, माणसाचा की खेचराचा? सव्वादोनशे वर्षे उलटून गेली, पण मालमत्तेच्या अटीची बाजू घेणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर अद्याप देता आलेले नाही.

परिषदेने ऐकले आणि बाजूला सारले. नव्या घटनेने मत कर भरणाऱ्यांपुरते आणि लढाईवर गेलेल्या सैनिकांपुरते ठेवले, घरगुती नोकरांना वगळले. प्रत्यक्ष प्रतिनिधी निवडणाऱ्यांसाठी मालमत्तेची आणखी मोठी अट घातली, त्यामुळे एवढ्या मोठ्या देशात जेमतेम तीसेक हजार माणसे निवडणारी उरली. काही वर्षांनी नवमतदाराला लिहिता-वाचता येणेही सक्तीचे व्हावे, अशी तरतूदही त्या घटनेत होती. तिजोरी आणि पाटी, दोन्ही पहारेकरी दारावर बसवले गेले. या सर्वोत्तमांच्या राज्याचे काय झाले? चार वर्षांत, १७९९ मध्ये, नेपोलियनने ते उलथून टाकले आणि त्याला वाचवायला जनता धावली नाही. ज्या घरात जनतेला जागाच नव्हती, ते जळताना तिने पाणी का घालावे?

पेन गप्प बसले नाहीत. एका बिशपने प्रवचन प्रसिद्ध केले होते की श्रीमंत आणि गरीब दोघेही देवानेच निर्माण केले आणि त्यात त्याचे शहाणपण आहे. आपल्याकडे याला पूर्वजन्मीचे कर्म म्हणतात. पेन यांनी १७९७ मध्ये 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' ही पुस्तिका काढून उत्तर दिले. देवाने स्त्री-पुरुष निर्माण केले, गरीब-श्रीमंत नव्हे. पृथ्वी सर्वांची होती, ती काहींनी कुंपणे घालून घेतली. म्हणून वारसाहक्काने जाणाऱ्या संपत्तीवर कर बसवा आणि त्यातून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी पंधरा पौंड व पन्नाशीनंतर दरसाल दहा पौंड द्या. राजकीय समता आणि आर्थिक समता यांची सांगड त्यांनी अशी घातली.

१८०२ मध्ये पेन अमेरिकेत परतले. 'एज ऑफ रीझन' या ग्रंथात त्यांनी बायबलची चिकित्सा केली होती, म्हणून धर्ममार्तंड खवळलेले होते. न्यू यॉर्क राज्याने स्वातंत्र्ययुद्धातील सेवेबद्दल दिलेली न्यू रोशेलची शेती हीच त्यांची मिळकत. १८०६ साली ते तिथे मत द्यायला गेले. निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. कारण काय? तर ते अमेरिकन नागरिकच नाहीत! ज्याच्या लेखणीने अमेरिका जागी झाली त्यालाच अमेरिकेने मतदानाच्या दारातून हाकलले. त्यांनी दाद मागितली, पण पदरी काही पडले नाही.

ही घटना आम्हाला त्यांच्या साऱ्या ग्रंथांइतकीच बोलकी वाटते. पेन यांच्याकडे तेव्हा शेती होती, विद्वत्ता होती, देशसेवा होती. श्रीमंती म्हणा की गुणवत्ता म्हणा, कुठलीही कसोटी लावली तरी ते पात्र होते. तरीही ते अपात्र ठरले. कारण पात्रता ठरवण्याचा अधिकार एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की पात्रता म्हणजे त्याची मर्जी. अट कागदावर मालमत्तेची असेल, शिक्षणाची असेल, नागरिकत्वाची असेल. दारावर पहारेकरी बसला की तो नको असलेल्या माणसासाठी कारण शोधतोच.

८ जून १८०९ रोजी पेन वारले. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत जागा नाकारली. शेतातच त्यांना पुरण्यात आले. अंत्ययात्रेला मोजून पाच-सहा माणसे होती. त्यांत दोन कृष्णवर्णीय होते. दहा वर्षांनी त्यांची हाडे उकरून इंग्लंडला नेण्यात आली आणि तिथे ती गहाळ झाली. या माणसाला समाधी नाही.

पण विचाराला समाधी लागत नाही. १८४७ साली पुण्यात वीस वर्षांच्या जोतीरावांनी मित्रांसह 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी दाखवून दिले की शेतकऱ्याच्या घामाचा कर वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याची पोरे अडाणी राहतात. म्हणजे ज्यांच्या पैशावर गुणवत्ता पिकली, त्यांनाच गुणवत्ता नाही म्हणून हिणवायचे!

बाबासाहेबांनी हा लढा घटनेपर्यंत नेला. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी मांडले की अस्पृश्यांना धंदे बंद, व्यापार बंद, म्हणून मालमत्ता नाही. अशा समाजात मालमत्तेची अट ही जातीचीच अट ठरते. सायमन आयोगापुढे त्यांनी एकवीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मत मागितले. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे, आणि निरक्षरतेचा दोष ज्यांनी शाळा दिली नाही त्यांचा, असे त्यांनी बजावले. पेन जिथे थांबले होते त्याच्या पुढचे पाऊल बाबासाहेबांनी टाकले. स्त्रीला मागे ठेवले नाही. घटनेच्या ३२६ व्या कलमाने ना संपत्ती विचारली, ना शिक्षण. घटना स्वीकारली गेली त्या दिवशी घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी विधिमंडळाच्या सभासदांसाठी पात्रतेची अट घालता आली नाही याची खंत बोलून दाखवली. पण अट घातली गेली नाही हे महत्त्वाचे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि साक्षरता जेमतेम १८ टक्के. त्या निरक्षरांनी चालवलेली लोकशाही टिकली.

तरीही मागच्या दाराने पहारेकरी परत येत आहेत. राजस्थानात २०१४ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घालण्यात आली. २०१९ मध्ये ती रद्द झाली. हरियाणाने २०१५ मध्ये दहावी, आठवी, पाचवी अशा अटींसोबत घरात शौचालय असण्याची आणि वीजबिल थकलेले नसण्याची अट घातली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. खासदाराला शिक्षणाची अट नाही, आमदाराला नाही. गावच्या दलित बाईने सरपंच व्हायचे म्हटले की मात्र प्रमाणपत्र हवे. दुसरीकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांपर्यंत खर्चाची कायदेशीर मुभा आहे. निवडणूक रोखे २०२४ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तोवर कोणी कुणाला किती दिले हे मतदारापासून लपून राहिले. खेचर अजून मेलेले नाही. त्याची किंमत तेवढी वाढली आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गुणवंतांना आमचा विरोध नाही. त्यांनी यावे, आमच्या वस्तीत उभे राहावे, आपले गुण सांगावेत आणि मत मागावे. निवडायचे की नाही ते आम्ही ठरवू. गुणवत्ता मत मागू शकते, मत वाटू शकत नाही. आणि वस्तीतल्या आपल्या माणसांनाही आमचे सांगणे आहे. मत हे कुणी दिलेले बक्षीस नाही, ते आपल्या लेकराबाळांच्या अन्नाचे, शाळेचे, अब्रूचे कुंपण आहे. पाचशेच्या नोटेला ते विकणारा माणूस आपल्याला अपात्र म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा देतो. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही ते आजच पाहा. पेन यांच्यासारख्या माणसालाही दारातून परत पाठवले गेले होते, हे विसरू नका.